एक बोट उंच

बाबा: हे काय केलंय, ताई? उशी?

ताई: दाढ आहे ती, भाऊजी. आपल्या दातांच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होताहेत. त्यांच्या मैत्रिणींचा हट्ट, केकवर दाढच हवी, आणि तीही हसरी. आता दाढ हसते कशी, ते त्यांनाही सांगता येईना.

बाबा: मग?

ताई: मग काय. तोंड मी नेहमी शेवटीच करते, तोवर काहीतरी सुचतं. हात नका लावू, ओला आहे फॉन्डंट अजून. साखरेची कणीकच ती, लगेच ठसे उठतात. आणि त्या खुर्चीवर नका बसू, कॉर्नफ्लोअर सांडलंय. उठाल तेव्हा मागून भूत दिसाल.

बाबा: मी बसायला नाही आलो.

ताई: ते दारातच कळलं. एकच चप्पल काढलीत. दुसरी पायात आहे अजून.

बाबा: अरे... खरंच की. थांबा, बाहेर ठेवून येतो.

ताई: असू दे, असू दे. बोला आधी.

बाबा: यंदा आमच्या खारूताईचा केक करू नका.

ताई: तुमची बायको तर अजून सांगायलासुद्धा आली नाही.

बाबा: येईल. वाढदिवस जवळ आला की येतेच ती. आली की म्हणा, हात दुखतात. म्हणा, ऑर्डरी फार आहेत. काहीही म्हणा.

ताई: हात दुखत नाहीत माझे.

बाबा: ताई, एवढंसं खोटं...

ताई: रोज सकाळी देवापुढे हात जोडून एवढंच म्हणते मी, भाऊजी, की आजचा दिवस खोटं बोलणार नाही. जन्मभराचा शब्द द्यायची माझी ताकद नाही, म्हणून एकेका दिवसाचा देते. आजचा देऊन झालाय.

बाबा: मग उद्या सांगा.

ताई: उद्या पुन्हा सकाळ होणारच की. तुम्हीसुद्धा ना! आणि बसलात शेवटी त्याच खुर्चीवर. राहू द्या आता. काय झालंय ते तरी सांगा. इतकी वर्षं केक नेताय, कधी एका शब्दाने म्हणाला नाहीत.

बाबा: म्हणवत नव्हतं. मुलगी गेली आणि वर्षाच्या आत ही तुमच्याकडे येऊन म्हणाली, दहाचा केक कर. मला वाटलं, करू दे. रडून घेईल, मोकळी होईल. तुम्ही केकवर बाहुली केलीत, दहा वर्षांची. पुढच्या वर्षी अकराची. दर वर्षी तुम्ही तिला थोडी वाढवलीत. फ्रॉक गेला, वेणी आली, मागच्या खेपेला मनगटावर घड्याळ आलं. पाच जणी झाल्या. केक आम्ही वाटून टाकतो, बाहुली ही ठेवून घेते. काचेच्या कपाटात उभ्या आहेत रांगेने, वर्गात उभ्या केल्यासारख्या.

ताई: ठाऊक आहे मला. म्हणून तर त्यांच्या फॉन्डंटमध्ये कडक होण्याची पूड मुद्दाम जास्त घालते मी.

बाबा: परवा आम्ही औषधांच्या दुकानात उभे होतो. पुढे एक मुलगी होती, चौदा-पंधराची. तिने सहज मागे वळून बघितलं, आणि हिने तिचा हात धरला. दोन्ही हातांनी. म्हणाली, खारूताई, किती उशीर केलास गं.

ताई: देवा!

बाबा: सोडेचना. पोरगी घाबरली, रडायला लागली. दुकानदार काउंटरच्या पलीकडून धावत आला. मग त्या मुलीची आई आली, तेव्हा कळलं, ही आपल्या मुलीच्या बाकावरची. शाळेत शेजारी बसायची ना, तीच. एवढी मोठी झालीय की आम्ही ओळखलीसुद्धा नाही.

ताई: बाकावरची? नक्की तीच?

बाबा: तीच. का?

ताई: काही नाही. म्हणजे... काही नाही असं नाही. तुम्ही बोला पुढे.

बाबा: पुढे काय बोलू? घरी आली ती कपाटासमोर बसून राहिली. मला भीती वाटते, ताई. एक गेली. दुसरी डोळ्यांदेखत हातातून चाललीय. तुम्ही चांगल्या मनाने केलंत, ते मला दिसत नाही का? पण तुम्ही तिला इतकी छान वाढवलीत, की ही अजून तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलीय.

ताई: हं.

बाबा: तुम्हाला लागलं का? तुम्हाला बोल लावायचा नव्हता मला.

ताई: लावा. लावायलाच हवा. थांबा, बेल वाजली.

(ताई दार उघडते. दारात खारूताईची आई उभी आहे.)

आई: कोणाची एक चप्पल पडलीय गं दारात? अहो! तुम्ही तर बँकेत गेला होतात ना?

बाबा: बँक... बंद होती.

आई: असं? आणि बंद बँकेत कॉर्नफ्लोअर सांडतात वाटतं. पाठ बघा आपली.

ताई: ये, आत ये. पाणी देते.

आई: पाणी नको. यांनी सांगितलं ना तुला दुकानातलं?

ताई: सांगितलं.

आई: आणि हेही सांगितलं असेल, की हिचं डोकं ठिकाणावर नाही.

बाबा: मी असं म्हणालेलो नाही.

आई: म्हणाला नसाल. तोंडावर दिसतंय. परवापासून मला गॅस पेटवू देत नाहीत गं हे. स्वतः चहा करतात. गाळायचा विसरतात.

बाबा: एकदाच विसरलो.

आई: ताई, मला पक्कं ठाऊक आहे ती गेली. शेवटचे तिचे केस मी विंचरलेत. मला वेड लागलेलं नाही. पण दुकानात ती मुलगी वळली आणि तिचा चेहरा... कपाटात शेवटची उभी आहे ना, चौदाची, तिचाच. तेच टोकदार नाक, तीच हनुवटी, हनुवटीवरची खळीसुद्धा तीच. वर्षभर मी उठल्या उठल्या त्या चेहऱ्याकडे बघते. तोच समोर जिवंत उभा राहिला, तर मी काय करायचं होतं? हात नाही धरायचा?

बाबा: अगं, दिसतात माणसं एकमेकांसारखी.

आई: मी ताईला विचारतेय. ताई, आज सकाळी देवापुढे हात जोडलेस ना?

ताई: जोडले.

आई: मग सांग.

ताई: तिलाच बघून केली.

बाबा: कोणाला?

ताई: बाकावरचीला. आमच्या वरच्या मजल्यावर गणिताची शिकवणी चालते, तिथे येते ती. मागच्या वर्षी बाहुलीचं सगळं झालं होतं. वेणी झाली, घड्याळ झालं, तोंड काही येईना. तेरापर्यंत अंदाजाने निभावलं होतं गं. चौदाची ती कशी दिसली असती, ते काही केल्या मला दिसेना. तेवढ्यात ही जिना उतरताना दिसली. तिच्याच वयाची, तिच्याच बाकावरची. मी तिला थांबवलं. पाणी दिलं, अभ्यासाचं विचारलं, आणि ती बोलत होती तेवढ्या वेळात बघून घेतलं. मग आत येऊन...

आई: दुसऱ्याच्या मुलीचा चेहरा माझ्या मुलीला लावलास.

ताई: हो.

आई: आणि मी रोज कपाट पुसताना त्या गालावरून बोट फिरवायचे. वर्षभर! दुसऱ्याच्या मुलीच्या गालावरून. एकदा बोलायचंस तरी, ताई.

ताई: तू विचारलं नाहीस, म्हणून मी गप्प बसले. मला वाटायचं, गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही. तेही खोटंच होतं. मोठी नेमाची बाई मी! बिचाऱ्या पोरीला भर दुकानात रडवलं मीच. आज शिकवणीला येईल तेव्हा तिला सांगेन, आणि तिच्या घरी जाऊन तिच्या आईलाही सांगेन.

बाबा: जाऊ द्या हो आता.

आई: तुम्ही नका म्हणू जाऊ द्या! सगळंच जाऊ देत आलात तुम्ही. दप्तर जाऊ दे, बूट जाऊ देत, सायकल देऊन टाकू कोणालातरी...

बाबा: सायकल दिलेली नाही मी.

आई: काय?

बाबा: माळ्यावर आहे. चादरीत गुंडाळून ठेवलीय. तुला दिसायला नको म्हणून.

आई: आणि मला म्हणालात, वॉचमनच्या मुलीला दिली.

बाबा: देणार होतो. जिन्यापर्यंत नेली. घंटी वाजली तिची, पायरीला लागून. मग परत आणली.

ताई: बसा बघू दोघं. बस तू इथे, टेबलापाशी.

आई: मी तुझ्यावर रागावलेय, ताई.

ताई: रागाव ना. मी कुठे नको म्हणते?

आई: का वाढवत राहिलीस तिला? मी सांगितलं म्हणून?

ताई: पहिल्या वर्षी तू सांगितलंस म्हणून. पुढे मलाच आवडायला लागलं. आता खोटं कशाला बोलू? आधीपासून मनाशी घोळवत बसायचे, आता ती काय घालत असेल, केस कापून घेतले असतील का, आईला उलट बोलत असेल का. तेवढे दिवस वाटायचं, बसलीय इथेच. खुर्चीला टाचा आपटत, फॉन्डंटचं कातरण गालात कोंबत. म्हणायची, केकमावशी, हे वाया जाईल ना, मी संपवते. पण नऊपर्यंतचीच होती गं ती माझ्याकडे. पुढची मी कुठून आणणार? उसनी आणली.

आई: त्या पातेल्याखाली काय आहे?

ताई: अं?

आई: मी आल्यापासून तू सारखी त्याच्यावर हात ठेवतेस.

ताई: उचल. बघ.

बाबा: ही पंधराची?

ताई: आज सकाळी केली. तुझ्या सांगण्याचीसुद्धा वाट पाहिली नाही मी.

आई: हिला तोंडच नाही.

ताई: सापडलं नाही. पुन्हा पुन्हा काडी टेकवली आणि उचलली. यंदा कोणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. आणि न बघता काही येईना. म्हणून झाकून ठेवली, सुकू नये म्हणून.

बाबा: केवढी उंच झालीय.

ताई: वाढतं वय ना.

आई: मला ही नको, ताई. तेच सांगायला आले होते. कसं सांगू... मला तिचा चेहराच आठवेनासा झालाय. आपल्या खारूताईचा, खरा. डोळे मिटले की आधी चौदाची येते, तिच्या मागे तेराची. पाचही जणी दारात उभ्या राहतात, आणि तिला आत येऊ देत नाहीत.

बाबा: फोटो आहेत की इतके.

आई: फोटोत ती फोटोसाठी हसते. दात दाखवून. तशी कधी हसायची ती?

ताई: आणि तेव्हाची एकही बाहुली उरलेली नाही.

बाबा: उरेल कशी? मेणबत्त्या विझायच्या आत डोकं खाल्लेलं असायचं. स्वतःचंच.

आई: म्हणायची, मला दुसऱ्या कोणी खाल्लेलं चालणार नाही.

बाबा: मामाने एकदा चुकून पाय तोडला, तर केवढा दंगा केला होता!

आई: ती कर मला, ताई. नऊची. जशी होती तशी.

ताई: आणि माझ्याकडूनही ती निसटली असली तर?

आई: तिघं मिळून आठवू.

ताई: मग हात धुऊन ये. नखांतूनही धू. आणि तळव्याला चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळ, म्हणजे चिकटणार नाही.

आई: मी?

ताई: हिला मोडायला हवी आधी. आतून मऊ आहे अजून, मळली की गोळा होईल. पण माझ्याने नाही मोडवणार. तूच मोड.

आई: वेणी काढू आधी?

ताई: काडी काढ आधी, पाठीतली. हळू. हां. आता वेणी.

आई: घड्याळ केवढंसं केलंयस गं. काटेसुद्धा आहेत त्यात.

ताई: बघू नकोस. मळ.

आई: रंग सगळे एकमेकांत चाललेत.

ताई: जाऊ देत. हा गोळा आत राहील, वरून तिचा रंग चढवू. अशी अंगठ्याने नको, तळहाताच्या टाचेने दाब. रड, रड हवं तर, फक्त त्यात टिपं पाडू नकोस, पाणी लागलं की विरघळतो तो.

बाबा: माझा रुमाल घे.

आई: त्यालाही कॉर्नफ्लोअर लागलंय. आणि त्या पाच जणींचं काय करायचं, ताई?

ताई: त्या आता मळल्या जायच्या नाहीत, पार कडक झाल्यात. असू देत. मागच्या ओळीत सरकव त्यांना. त्यांचा काय दोष? आता बोला. भाऊजी, तुम्ही बोला. कशी होती?

बाबा: डावी भुवई अर्धी होती.

ताई: हं.

बाबा: झोपाळ्यावरून पडली होती ना. टाके पडले, तिथे केस पुन्हा आलेच नाहीत.

आई: उजवी.

बाबा: डावी. टाके घालताना मी धरलं होतं तिला. तोंड माझ्याकडे होतं, आणि ती माझ्या शर्टाचं बटण चावत होती.

आई: डावी. हो, डावी. डाव्या बाजूला रिबिनीची गाठ मोठी बांधायचे मी, तिथे लक्ष जाऊ नये म्हणून. बघ, विसरलेच होते.

ताई: आणि पुढचा दात?

आई: एक पडलेला, एक अर्धा आलेला. आणि एक गाल फुगलेला कर, ताई, कातरणाने भरलेला. काय खाल्लंस विचारलं की तोंड मिटून नुसती मान हलवायची, काही नाही म्हणून. तेव्हा डोळे हसायचे. हां, तशी! तशी हसायची ती. तोंड मिटून.

ताई: दिसतेय. मला दिसतेय आता. ओठांचा रंग सांगा.

आई: ओठ...

बाबा: निळसर होते. जिना चढून आली की जास्तच. हृदय अधू, करणार काय. ते नका दाखवू, ताई.

आई: जशी होती तशी म्हणाले ना मी?

ताई: गुलाबीत कणभर जांभळा मिसळते. आपल्या तिघांनाच कळेल. भाऊजी, ते कातरण उचला आणि चव बघून सांगा जरा. ती गेल्यापासून मी गोड सोडलंय, आणि चव बघायचं काम तिचंच होतं.

बाबा: मी काय सांगणार?

ताई: ती काय सांगायची? गोड आहे की नाही, एवढंच.

बाबा: गोड आहे.

ताई: बरं. आता एकच राहिलं, उंची किती धरू? दर वाढदिवसाला भांडायची माझ्याशी. केकवर वर्गातल्या सगळ्या मुली करायला लावायची, आणि म्हणायची, मला यांच्याहून एक बोट उंच कर. माझं बोट चालायचं नाही. स्वतःचं आडवं धरून मोजायची. वर्गात सगळ्यांत बुटकी पोर!

आई: आणि तू करायचीस?

ताई: न करून सांगते कोणाला? तिला वाढवायची सवय मला तिनेच लावलीय, म्हण ना.

आई: यंदा होती तेवढीच कर. बाकावरचीच्या खांद्याला लागायची, तेवढी. पुरे झालं आता वाढवणं.

ताई: बरं. तेवढीच करते.

बाबा: नको, ताई.

आई: आता काय?

बाबा: एक बोट उंच ठेवा. नाहीतर रुसेल. दिवसभर बोलणार नाही आपल्याशी.